लाइक्स भरपूर, ऑर्डर मोजक्याच: सोशल मीडियाचा धंद्याला खरोखर उपयोग कसा करून घ्यावा?

सुईदोरा

मी आणि माझा भाऊ मिळून कॅनव्हास आणि चामड्याच्या पिशव्या शिवतो. लॅपटॉपच्या, खांद्यावरच्या, प्रवासाच्या. सगळं काम हाताचं, त्यामुळे माल थोडाच निघतो. पण जो एकदा घेतो तो पुन्हा येतो आणि आणखी कुणाला तरी घेऊन येतो. आजवरचा धंदा असाच वाढला.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर आमचं पान आहे. फोटोंना लाइक्स बरे येतात, 'किती सुंदर!' अशा कमेंट्सही येतात. नवीन ऑर्डर मात्र तिथून क्वचितच. भाऊ म्हणतो, पोस्ट बूस्ट करू, पैसे टाकल्याशिवाय आता कुणाला काही दिसत नाही. शिवाय एका एजन्सीचा प्रस्ताव आलाय: रोज एक पोस्ट, अधूनमधून रील्स आणि ठरावीक फॉलोअर्सची हमी. मला त्या हमीचीच धास्ती वाटते.

सोशल मीडियाच्या जोरावर ज्यांचा धंदा वाढला त्यांच्याकडून ऐकायचंय, आणि प्रयत्न करून ज्यांनी सोडून दिला त्यांच्याकडूनही. चांगल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळतं यावर माझा विश्वास आहे, पण ती वस्तू आहे हे आधी कळायला तर हवं!

पाऊलवाट

वाचते आहे. माझाही अगदी हाच प्रश्न.

फोकस

मी जाहिरातींच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाइक करणारी आणि विकत घेणारी माणसं बहुतेक वेळा वेगळी असतात. 'बूस्ट'चं बटण दाबताना उद्दिष्ट काय निवडलं गेलंय हे कितीतरी जण बघतच नाहीत. यंत्रणा तुम्ही मागाल तेच आणून देते. पोस्टवर एंगेजमेंट (लाइक, कमेंट, शेअर) मागितलं की ती दिसेल त्याला लाइक करणारे लोक शोधते. विक्री मागितली की पूर्वी जाहिरातीवरून खरेदी केलेल्यांपुढे तुमचा फोटो नेते. फोटो तोच, पैसे तेवढेच, पण बघणारे निराळे.

म्हणून बूस्ट बाजूला ठेवा आणि ॲड्स मॅनेजर (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती लावायची जागा) उघडा. तिथे उद्दिष्टं सहा आहेत: ओळख वाढवणं, ट्रॅफिक, एंगेजमेंट, लीड्स (इच्छुकांचे नंबर-पत्ते मिळवणं), ॲप प्रमोशन आणि विक्री. तुमच्यासारख्या छोट्या कामाला 'मेसेज यावेत' हा पर्याय चांगला (तो एंगेजमेंटच्या आतही मिळतो, पण वेगळा निवडावा लागतो).

हे का, तर नवीन जाहिरात सुरू झाल्यावर यंत्रणा काही काळ शिकत असते. ती स्थिरावायला आठवडाभरात साधारण ५० वेळा अपेक्षित गोष्ट घडावी लागते, असं मेटा (फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी) स्वतःच सांगतं. हातानं शिवलेल्या महागड्या वस्तूच्या आठवड्याला ५० विक्री कुठून व्हायच्या? मेसेज मात्र त्या मानाने लवकर जमतात. आणि एकदा लावलेल्या जाहिरातीत रोज हात घालू नका. मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आणखी एक. जास्त पैसे लावणाराच जिंकतो असं नाही. कुणाची जाहिरात दाखवायची याचा दरवेळी लिलाव होतो. त्यात तुमची बोली असते, बघणारा अपेक्षित गोष्ट करेल याचा अंदाज असतो आणि जाहिरातीचा दर्जाही धरतात. चांगला, स्पष्ट फोटो खरोखरच खर्च कमी करतो.

नटबोल्ट

माझा विरोध नोंदवून ठेवतो.

मी कारखान्यांना पंपाचे सुटे भाग पुरवतो. माझं गिऱ्हाईक म्हणजे मोजके पर्चेस ऑफिसर आणि मेंटेनन्सवाले. त्यांना सील किंवा बेअरिंग लागतं तेव्हा ते पार्ट नंबर टाकून गुगलवर शोधतात किंवा सरळ फोन लावतात. रील बघून कुणी पंपाचा इम्पेलर मागवत नाही. आम्ही पानावर मेहनत घेणं थांबवलं आणि तोच वेळ वेबसाइटवर प्रत्येक भागाचा नंबर, माप, मटेरियल नीट टाकण्यात घातला. फोन वाढले.

मोठ्यांचंही तेच. २०१७ मध्ये साबण-डिटर्जंटवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींवरचा १० कोटी डॉलर्सहून जास्त खर्च कापला आणि विक्रीवर काही फरक दिसला नाही. मग छोट्यांनी का पैसे ओतायचे?

हिशेबनीस

@नटबोल्ट, तुमच्या धंद्याबद्दल शंभर टक्के मान्य. ज्याला काय हवंय हे आधीच माहीत आहे तो शोधतो. तिथे शोधात सापडणं महत्त्वाचं. पण हातानं शिवलेली पिशवी कुणी पार्ट नंबरने शोधत नाही. ती दिसल्यावरच हवीशी वाटते. हा फरक मूळ प्रश्नाच्या मुळाशी आहे.

प्रॉक्टर अँड गॅम्बलचं उदाहरण मात्र इथे लावू नका. त्यांनी कापला तो खर्च मुख्यतः बॉट्सनी (माणसं नव्हे, आपोआप चालणारे प्रोग्राम) 'पाहिलेल्या' आणि नको त्या मजकुराशेजारी लागणाऱ्या जाहिरातींवरचा होता. ज्या ब्रँडला घरोघरी ओळखतात त्याची एक जाहिरात कमी झाली तर कळत नाही. ज्याला कुणी ओळखतच नाही त्याचं तसं नसतं.

त्यातून घ्यायचा तो धडा वेगळा: प्लॅटफॉर्मने दिलेले आकडे तपासल्याशिवाय मानायचे नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केलं होतं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ ते दोनेक वर्षं फुगवून सांगत होते. ३ सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना भागाकारात धरलंच नव्हतं! मोठमोठ्या कंपन्यांनी त्या आकड्यांवर बजेटं ठरवली होती.

आजही रिपोर्ट वाचताना एक बघा. मेटाच्या जाहिरातीत नेहमीची सेटिंग अशी असते की क्लिक केल्यावर ७ दिवसांत किंवा नुसती पाहिल्यावर १ दिवसात खरेदी झाली तर श्रेय जाहिरातीला जातं. तुमचं जुनं गिऱ्हाईक, जे तसंही घेणारच होतं, त्याच्यापुढून जाहिरात सरकली तरी ती 'जाहिरातीची विक्री' ठरू शकते. त्यात ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारायला सुरुवात केली. जो नाही म्हणतो त्याने पुढे काय घेतलं हे मेटाला नीट दिसत नाही. त्याचा आपल्याला २०२२ मध्ये बसणारा फटका सुमारे १० अब्ज डॉलर्सचा असेल असं मेटाने स्वतः सांगितलं होतं. म्हणजे मोजमाप दोन्ही बाजूंनी डळमळीत: काही विक्री उगाच जाहिरातीच्या नावावर लागते, काही दिसतच नाही.

साधा उपाय सांगतो. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा: 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' उत्तर वहीत लिहा. वेबसाइट असेल तर प्रत्येक लिंकला यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा, म्हणजे माणूस कुठून आला ते दिसतं. मग जाहिरात काही काळ चालू, काही काळ बंद ठेवून एकूण विक्री बघा. डॅशबोर्डमधली नव्हे, बँकेत आलेली.

मधलीसुट्टी

एवढं गंभीर वाचून झाल्यावर आमचा अनुभव. आमच्या फर्निचर दुरुस्तीच्या पानावर आजवर सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेली पोस्ट म्हणजे नव्याने पॉलिश केलेल्या खुर्चीवर बसलेलं मांजर. विचारणा कशाची झाली? मांजराच्या जातीची! 😄

सुईदोरा

@मधलीसुट्टी, हाहाहा! आता आमच्याही पिशवीत मांजर बसवून फोटो काढते.

अबोली

@सुईदोरा, खरंच बसवा, गंमत म्हणून नाही सांगत. मांजर बसलं की पिशवी केवढी आहे ते तरी कळेल.

मी विकणारी नाही, घेणारी आहे. इन्स्टाग्रामवरून बऱ्याच वस्तू घेते आणि त्याहून कितीतरी जास्त वस्तू घेता घेता सोडून देते. का सोडते ते सांगते, तुमच्या कामाला येईल.

पिशवीचा फोटो असतो. पांढरी पार्श्वभूमी, मंद उजेड, शेजारी वाळलेलं फूल. छान! पण माझा लॅपटॉप त्यात बसेल का? चेन पूर्ण उघडते की अर्ध्यावर अडते? आत कप्पे किती, पाण्याची बाटली उभी राहते का, पट्टा लहानमोठा होतो का, भरल्यावर खांद्यावर कशी दिसते? यातलं एकही फोटोत नसतं. सगळे फोटो पिशवी मिटलेली असतानाचे. मला पिशवी उघडी बघायचीय. कुणीतरी एकेक वस्तू आत ठेवतंय, मग उचलून खांद्यावर घेतंय, असा साधा व्हिडिओ टाका. संगीत नसलं तरी चालेल.

मग किंमत. 'किमतीसाठी डीएम करा', म्हणजे खासगी मेसेज पाठवा. इथे मी निघून जाते. विचारायचं, थांबायचं, आणि आपल्या आवाक्याबाहेर निघाली तर नाही म्हणायचा संकोच. तेवढं सगळं कशाला? समजा विचारलंच, तर उत्तर दोन दिवसांनी येतं. तोवर मी दुसरीकडून घेतलेली असते किंवा हवीशी वाटणं संपलेलं असतं.

तुमचं पान मी पाहिलेलं नाही, पण जिथे लाइक्स भरपूर आणि ऑर्डर नाहीत तिथे मला नेहमी हेच दिसतं.

फोकस

@अबोली, हे लाखमोलाचं आहे. आम्ही महिनोन्महिने जाहिरात सुधारत बसतो आणि गळती निघते ती डीएममध्ये. जाहिरातीतून मेसेज आणायचे आणि संध्याकाळपर्यंत उघडायचेही नाहीत, म्हणजे पैसे वाया. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आधीच लिहून ठेवता येतात, मापं आणि किमतींसकट कॅटलॉगही लावता येतो.

पाऊलवाट

किंमत उघड लिहिण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. मी मागणीप्रमाणे पडदे शिवून देते. खिडकीचं माप, कापड, अस्तर यावर किंमत ठरते. एक आकडा लिहिला की लोक तोच धरून बसतात.

अबोली

@पाऊलवाट, बरोबर. मग 'इथपासून सुरू' असं लिहा आणि सोबत पूर्ण केलेल्या एका कामाचा फोटो टाका: एवढी खिडकी, हे कापड, हा खर्च. मला नेमका आकडा नको असतो, आपण योग्य दारात उभे आहोत का एवढं कळायला हवं असतं.

पाऊलवाट

हे जमेल. आभार!

खडूफळा

मी ऑनलाइन भाषा शिकवते. माझे बहुतेक विद्यार्थी व्हिडिओंमुळेच आले, त्यामुळे 'उपयोग होतो' या बाजूने माझं मत.

फक्त 'आमच्या वर्गात प्रवेश घ्या' अशा पोस्टमधून कुणी आलं नाही. आले ते एकाच अडचणीवरच्या छोट्या व्हिडिओंमुळे. विद्यार्थी तासाला जो प्रश्न हमखास विचारतात तो घ्यायचा, दोन उदाहरणं फळ्यावर लिहायची, समजावायचं, संपलं. असे व्हिडिओ लाइकपेक्षा जास्त सेव्ह होतात आणि मित्रांना पाठवले जातात. मी आता लाइक बघतच नाही. किती जणांनी सेव्ह केलं आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, एवढंच बघते. जी गोष्ट माणूस मित्राला पाठवतो ती त्याला खरंच पटलेली असते.

सुईदोराताई, तुमच्याकडे सांगण्यासारखं किती आहे! चामडं कोरडं पडलं तर काय लावायचं, चेन अडकली तर घरी काय करायचं, शिवण उसवू नये म्हणून कुठे टाका दुहेरी घालतात. हे समजावून सांगणाऱ्या माणसाकडून वस्तू घ्यावीशी वाटते. वेळ लागतो, पण आलेली माणसं टिकतात.

जुनाजाणता

एक मुद्दा अजून कुणी मांडला नाही. हे सगळं आपण दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलं दुकान आहे.

ऑर्कुट ही सोशल साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. छोट्या व्हिडिओंचं ॲप वाइन २०१७ च्या जानेवारीत. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. बंद नाही झालं तरी नियम बदलतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे मित्र आणि कुटुंबाच्या पोस्ट आधी, व्यवसायांच्या पानांना जागा कमी. ज्यांनी पैसे आणि वर्षं घालून फॉलोअर्स जमवले होते त्यांना त्याच फॉलोअर्सपर्यंत पोचायला पुन्हा पैसे द्यावे लागले. ४ ऑक्टोबर २०२१ ला तर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास बंद होती. ज्यांचा धंदा फक्त तिथेच होता त्यांना त्या वेळात गिऱ्हाइकांशी बोलायला दुसरी वाट नव्हती.

म्हणून जो कुणी तिथून येईल त्याचा नंबर किंवा ईमेल, त्याची परवानगी घेऊन, आपल्या यादीत ठेवा. ती यादी कुणी काढून घेऊ शकत नाही.

नटबोल्ट

@जुनाजाणता, पटलं, पण अशा यादीला रोज मेसेज पाठवून लोक कंटाळतात. मी स्वतः असे नंबर ब्लॉक करतो.

जुनाजाणता

रोज कोण सांगतंय? सांगण्यासारखं असेल तेव्हाच. नवी पिशवी तयार झाली, जुन्या पिशवीची दुरुस्ती करून देतोय, एवढंच. आणि 'नको' म्हणायची सोय प्रत्येक मेसेजमध्ये हवी.

चष्मा

फॉलोअर्सची हमी देणाऱ्या एजन्सीबद्दल. सुईदोरा, तुमची धास्ती अगदी रास्त आहे. लोकांनी तुम्हाला फॉलो करावं हे कुणाच्या हातात नसतं, मग हमी कशाची? बहुतेक वेळा ती विकत घेतलेल्या खोट्या खात्यांची असते. अमेरिकेत तर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू, तसंच व्यवसायाचं वजन दाखवण्यासाठी माहीत असूनही बॉट्सचे फॉलोअर्स विकत घेणं किंवा विकणं, हे फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार बेकायदा आहे.

फॉलोअर्सपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि तो आधी विचारा: पान, जाहिरात खातं आणि पिक्सेल (वेबसाइटवर आलेले लोक काय करतात ते मेटाला कळवणारा कोड) कुणाच्या नावावर असणार? आमचं काम एका एजन्सीकडे होतं. सगळं त्यांनी आपल्याच खात्यातून उघडलं होतं. करार संपल्यावर जुन्या जाहिरातींचा सगळा इतिहास त्यांच्याकडेच राहिला, कुठल्या जाहिरातीने काय दिलं हेसुद्धा आम्हाला बघता येईना. पानाचा ताबा मिळवायला केवढा पाठपुरावा करावा लागला!

खातं नेहमी आपल्या नावावर उघडायचं, एजन्सीला त्यात फक्त कामापुरता प्रवेश द्यायचा. टू-फॅक्टर (पासवर्डसोबत वेगळा कोड मागणारी सुरक्षा) लावून ठेवा आणि तो कोड आपल्याच फोनवर येईल असं बघा. एवढ्याला जी एजन्सी का-कू करते तिला काम देऊ नका.

वाचनमात्र

@चष्मा, +१. वाचनखूण साठवली.

मधलीसुट्टी

हॅशटॅगचं काय? कुणी म्हणतं तीस लावा, कुणी म्हणतं तीन. आणि पोस्ट टाकायची 'बेस्ट वेळ' खरंच असते का?

फोकस

वस्तू कसली आहे ते सांगणारे तीनचार नेमके हॅशटॅग पुरेत. त्यापेक्षा कॅप्शनमध्ये लोक ज्या शब्दांनी शोधतील ते शब्द लिहा. वेळेचं म्हणाल तर तुमचे फॉलोअर्स कधी जागे असतात ते इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये (पानाच्या आकडेवारीत) दिसतं. तेवढं बघा आणि पुढे चला, यात जीव अडकवू नका.

दूरदेशी

सगळे सल्ले चांगले आहेत, पण हे करायचं कुणी? मी मातीची भांडी करते. रोज पोस्ट, रील्स, स्टोरी, कमेंटला उत्तरं... चाकावर बसायचे तास त्यातच जायला लागले. हात मातीत असताना फोन वाजला की लक्ष उडतं. शेवटी आपण वस्तू घडवणारी माणसं आहोत. घडवणंच राहिलं तर दाखवायचं काय?

मी आता इन्स्टाग्राम एवढंच ठेवलंय, बाकी सगळीकडे फक्त पत्ता आणि फोन. भट्टी उघडायच्या दिवशी फोन स्टँडवर लावते आणि जे होतं ते रेकॉर्ड करते. नंतर त्यातूनच लहान लहान तुकडे काढून सोयीने टाकते. वेगळं 'कंटेंट' बनवायला बसत नाही. रोज टाकत नाही म्हणून आमचं काही अडलेलं नाही.

सुईदोरा

@दूरदेशी, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. रोज एक पोस्ट हे ऐकूनच मला दडपण आलं होतं.

फोकस

@दूरदेशी, मी धंद्याने जाहिरातवाला असूनही याला अनुमोदन. रोज काहीतरी भरताड टाकण्यापेक्षा आठवड्याला एकच, पण कामाचं टाकावं.

ज्यांना जाहिरात कशी लिहावी हे कळत नाही त्यांच्यासाठी: मेटाची ॲड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. कुठल्याही पानाच्या सध्या चालू असलेल्या जाहिराती तिथे फुकट बघता येतात. आपल्यासारख्या धंद्यांची नावं टाका आणि कोणती जाहिरात बरेच दिवस चालू आहे ते बघा. तोट्यातली जाहिरात सहसा कुणी इतके दिवस चालवत नाही.

नटबोल्ट

@हिशेबनीस यांनी वर शोधून येणारं आणि बघून हवंसं वाटणारं असा जो फरक सांगितला तो पटला. माझं 'सगळ्यांसाठीच निरुपयोगी' हे म्हणणं मागे घेतो. माझ्या धंद्यापुरतं मात्र ठाम आहे.

एक प्रश्न: जाहिरात चालू ठेवायची की थांबवायची हे कसं ठरवायचं? नुसती विक्री झाली म्हणजे फायदा झाला असं नाही ना.

हिशेबनीस

कळीचा प्रश्न. एका पिशवीमागे माल आणि मजुरी वजा जाऊन हातात किती उरतं ते आधी काढा. स्वतःची मजुरी धरायला विसरू नका, हाताचं काम करणारे हमखास विसरतात. मग जाहिरातीवर झालेला खर्च, भागिले 'जाहिरातीतून कळलं' असं सांगणारी नवी गिऱ्हाइकं. हा आकडा हातात उरणाऱ्या रकमेपेक्षा कमी असेल तर चालू ठेवा. जास्त असेल तर जुन्या वह्या बघा: तुमचं गिऱ्हाईक सरासरी किती वेळा परत येतं? सुईदोरांकडे लोक परत येतात आणि दुसऱ्यांना आणतात. त्यांना पहिल्या विक्रीत फार काही उरलं नाही तरी परवडेल. ज्याचं गिऱ्हाईक एकदाच येतं त्याला नाही परवडणार.

आणि मर्यादित माल असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ऑर्डर वाढल्या तर हात पुरतील का? उशीर झाला की जे नाव तोंडी प्रसिद्धीने मिळालंय तेच पणाला लागतं.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला पूर्ण धागा वाचायला लावला, त्यावरून घरी खूप बोलणं झालं.

ठरलं ते असं. एजन्सीला नाही कळवलं. प्रत्येक पिशवीचा उघडी असतानाचा व्हिडिओ आणि खांद्यावर घेतलेला फोटो आधी काढणार, कॅप्शनमध्ये मापं आणि किंमत लिहिणार. तेवढं झाल्यावरच मेसेजसाठी छोटी जाहिरात, बूस्ट नाही. मेसेजना उत्तर द्यायचं काम भावाकडे. शिलाईच्या टेबलाजवळ एक वही ठेवलीय, 'कुठून कळलं' हा रकाना आखून. @हिशेबनीस, हात पुरणार नाहीत असं दिसलं तर जाहिरात थांबवून 'पुढची तुकडी अमुक तारखेला' असं लिहू. खडूफळाताई, चेन अडकली तर काय करायचं याचा व्हिडिओ पहिला करतेय.

अबोली

छान ठरवलंत! फक्त मापं नुसती कॅप्शनमध्ये नको. कॅप्शनची पहिली ओळ दिसते आणि बाकीचं 'आणखी'च्या आड जातं, घाईत कुणी उघडत नाही. फोटोवरच लिहा, किंवा पिशवीशेजारी मोजपट्टी ठेवूनच फोटो काढा. कुणी तो फोटो मैत्रिणीला पाठवला तरी माप सोबत जाईल.

सुईदोरा

मोजपट्टी तर टेबलावरच असते. तसंच करते.